तीन पौर्णिमांचं इंजेक्शन

माझ्या मामांना तारीख विचारली की ते समोरच्याकडे असं बघायचे, जणू त्याने काही आगाऊपणा केला. सोमवार त्यांना चालायचा, मंगळवार चालायचा, पण जुलै, ऑगस्ट हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. माझा जन्म आखाड वद्य तृतीयेचा, त्यांच्या दिनेशचा कार्तिक शुद्ध नवमीचा, विहिरीला पाणी लागलं ते चैत्र वद्य षष्ठीला. घरात कॅलेंडर होतं, पण त्यातले मोठे आकडे त्यांच्यासाठी नव्हतेच. नाकावर चष्मा ओढून ते खालची बारीक अक्षरं वाचत बसायचे. म्हसावदला त्यांचं खरं नाव कुणी घेत नव्हतं, सगळे 'तिथीआबा' म्हणायचे. मामांना त्याचा राग नव्हता, उलट कुणी बाहेरगावाहून घर विचारत आला तर स्वतःच ओळख द्यायचे, "तिथीआबा म्हनतस तो मीच."

गंमत अशी की या माणसाची तिथी कधी चुकत नसे. केळीच्या बागेला खत, गाईचं विणं, मामींची औषधं, भावकीतली श्राद्धं, सगळं डोक्यात. मी शहाद्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, दिवसभर तारखा आणि वेळा लिहून माझी बोटं झिजली, तरी मी दहादा चुकते. मामा एकदाही चुकायचे नाहीत. म्हणूनच आजही माझा विश्वास बसत नाही. लिहिताना हात थांबतो, खरं सांगते.

मामांना लघवीचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्यांनी तो वर्षभर लपवला. मग कंबर दुखायला लागली. मामांचा मुलगा दिनेशदादा सुरतेला कंपनीत कामाला, त्याने ओढून नेलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, पाठीच्या मणक्यांपर्यंत गेलाय. मी सोबत होते. मी रिपोर्ट परत परत वाचत राहिले. मामा मात्र भिंतीवरचं घड्याळ बघत बसले होते. डॉक्टर समजावत होते की हा आजार पुरुषाच्या शरीरातल्या हार्मोनवर पोसतो, ते हार्मोन बंद केलं की आजाराची उपासमार होते. त्यासाठी दोन वाटा. एक, छोटं ऑपरेशन करून वृषण काढून टाकायचे. दुसरी, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, कायमचं.

"गोऱ्हाले करतस तसं?" मामांनी विचारलं.

डॉक्टरांना कळेना. मला कळलं आणि मला हसावं की रडावं ते समजेना. मामांनी उभ्या आयुष्यात किती गोऱ्हे खच्ची करून घेतले असतील, प्रत्येक वेळी स्वतः शिंगं धरून उभे राहिले असतील, आणि आता त्या जागी आपण, हे त्यांच्या डोळ्यांसमोर आलं होतं. मी डॉक्टरांना अर्थ सांगितला. ते बिचारे ओशाळले. मामा म्हणाले, ऑपरेशन नको, इंजेक्शन द्या, निदान कुणी शिंगं धरायला नको.

डॉक्टरांनी आधी गोळ्या सुरू केल्या आणि मला बाजूला घेऊन बजावलं. हे इंजेक्शन पहिल्यांदा देतात तेव्हा हार्मोन खाली जायच्या आधी काही दिवस उलटं वर उसळतं. ज्याच्या मणक्यात आजार आहे, त्याला तेवढी उसळीही महागात पडू शकते, म्हणून गोळ्यांचं कुंपण. मी मान डोलावली. हे मी शिकलेलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. पुढची सगळी इंजेक्शनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मीच म्हसावदला जाऊन देणार, असं ठरलं.

पहिलं इंजेक्शन द्यायचा दिवस आला तो नेमका चैत्री पौर्णिमेचा. देवळात हनुमान जयंतीचा भोंगा चाललेला, आणि मी इकडे मामांना पालथं झोपायला सांगतेय. मामा उशीत तोंड खुपसून म्हणाले, "ब्रह्मचारी व्हवाले हनुमानना दिनच भेटना का तुले?" मी इतकी हसले की सुई हातात तशीच राहिली. मामी दाराआडून ओरडल्या, "आते तरी गप पडा!" आणि त्याही हसत होत्या. त्या दिवशी मामांनी हिशेब लावून टाकला. तीन महिने म्हणजे तीन पौर्णिमा. चैत्री, मग गुरुपौर्णिमा, मग कोजागिरी, मग पौषातली, आणि परत चैत्री. सुरतेला पुढच्या तपासणीत त्यांनी डॉक्टरांनाही हे सांगितलं. डॉक्टरांनी मनात दिवस मोजले, हसले आणि म्हणाले, चालेल काका, फक्त एकही चुकवू नका. माझ्या फोनमध्ये मी आठवण लावली नाही. कशाला लावायची? माझ्याकडे मामा होते.

आणि काय सांभाळायचे हो ते इंजेक्शन! नंदुरबारच्या औषधाच्या दुकानातून थर्मासमध्ये आणायचे, तेही रिक्षात मांडीवर घेऊन. फ्रिजमध्ये त्याचा वेगळा स्टीलचा डबा, मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर औषध वाया जातं, हे मी एकदाच सांगितलं होतं, त्यांनी ते घरातल्या प्रत्येकाला दहादा सांगितलं. वीज गेली की डबा उचलून समोरच्या जनरेटरवाल्या दूध डेअरीत. "नुसतं थंडामा ठेव, बरफमा नको," असं सांगून हे तिथंच स्टुलावर बसून राहायचे, वीज येईपर्यंत. डेअरीवाला म्हणायचा, आबा, मी काय पळवून नेतो का? मामा म्हणायचे, तुझा भरवसा आहे, तुझ्या फ्रिजचा नाही.

मी औषध कालवायला बसले की मामा शेजारी. पूड आणि पाणी एकत्र झालं का, गुठळी राहिली का, बुडबुडा आहे का, सगळं बघणार. जोरात हलवलं की लगेच हात धरणार. मागच्या वेळी डावी बाजू होती, आज उजवी, हेही तेच सांगणार. तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी, ती त्याच आठवड्यात. हाडं ठिसूळ होतात म्हणून रोज चालणं आणि कॅल्शियमची गोळी. साखर वाढू शकते म्हणून गूळ बंद. म्हसावदमधला तो म्हातारा माझ्या दवाखान्यातल्या कुठल्याही शिकलेल्या पेशंटपेक्षा जास्त शिस्तीत औषध घेत होता. मी इतर पेशंटना त्यांचं उदाहरण द्यायचे. काय म्हणावं मला!

दुसऱ्या इंजेक्शननंतर त्यांना गरम वाफा यायला लागल्या. बसल्या जागी चेहरा लाल, मानेवरून घाम, बंडी ओली. भर पौषात पंखा लावून बसायचे. मी सांगितलं, मामा, हे होतं, बायकांना पाळी जाताना होतं तसंच आहे. मग एक दिवस मी ओसरीत भाजी निवडत होते, तेव्हा ते चुलीजवळ जाऊन मामींना हळूच विचारत होते, "तुले बी असंच व्हये का?" मामी म्हणाल्या, व्हये. पाच वर्षं व्हये. "आन मी तुले म्हने, नाटकं करस." मामींनी वर न बघता पोळी उलटली आणि म्हणाल्या, "आते समजनं ना?" मी भाजीत तोंड घातलं. चाळीस वर्षांच्या संसारात मामांनी मामींची माफी मागितल्याचं मी तेवढंच पाहिलं, आणि त्यात माफीचा शब्दही नव्हता.

दिवस चांगले चालले होते. रक्तातला आकडा खाली आला होता, कंबर दुखायची थांबली होती, मामा बागेत जाऊन घड बघून यायचे. सहावं इंजेक्शन गुरुपौर्णिमेला झालं. त्या वर्षी श्रावण अधिक होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला घरी बोलवायचं, वाण द्यायचं, पोटभर खाऊ घालायचं. माझे आईवडील नाहीत, त्यामुळे माझं माहेर म्हणजे मामांचंच घर. मामांनी आम्हा दोघांना बोलावलं. मामींनी खापरावरची पुरणपोळी केली, तेहतीस अनारसे तांब्याच्या ताटात मांडले, माझ्या नवऱ्याला नवीन कपडे केले. तो लाजून चूर झाला होता. मामा स्वतः पोळीवर तूप ओतत फिरत होते.

तूप वाढता वाढता मामा मला म्हणाले, "इंजेक्शन आते कोजागिरीले. धोंडा मधमा उना, त्याले लेखामा धरतस नही. सरावन एक, भादवा दोन, कोजागिरी तीन."

मी म्हणाले, "बरं मामा."

एवढंच. तोंडात घास होता माझ्या. आणि मला ते अगदी बरोबर वाटलं! अधिक महिना कुणीच धरत नाही. श्राद्ध पुढच्या महिन्यात, वाढदिवस पुढच्या महिन्यात, लग्नाचं तर नावच नाही. लहानपणापासून आम्ही असंच मोजत आलो. माझ्यातली भाची पुरणपोळी खात 'बरं' म्हणाली आणि माझ्यातली नर्स कुठे तडमडली होती देव जाणे. शरीराला काय ठाऊक की हा महिना लेखात धरायचा नाही? औषध नव्वद दिवसांचं. ते नव्वद दिवसांनी संपणार. त्याला धोंडा कळत नाही, कोजागिरीही कळत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि ती तिथं बसलेल्या एकालाही सुचली नाही.

भाद्रपद सरत आला तसा मामांचा फोन आला. आवाज असा खणखणीत की मी फोन कानापासून लांब धरला. वाफा बंद झाल्या होत्या. घाम नाही, रात्री झोप छान. दाढी परत राठ यायला लागली होती, वस्तरा कुरकुर करतो म्हणाले. "आते एकदम बरं वाटी ऱ्हायनं," ते म्हणाले. मला इतका आनंद झाला! नवऱ्याला सांगितलं, मामांना औषध मानवलं बघ. अरे देवा. वाफा का थांबल्या? दाढी का आली? औषध संपलं होतं म्हणून. दाबलेलं हार्मोन परत डोकं वर काढत होतं, आजाराला पुन्हा खायला मिळत होतं, आणि मामा नि मी फोनवर खूश होत होतो. ज्या खुणा बघून मी धावत सुटायला हवं होतं, त्या खुणांवर मी पेढे खाल्ले असते.

कोजागिरीच्या सकाळी मी म्हसावदला गेले. मामा कॉटवर बसले होते, पाठ भिंतीला टेकवून. चार दिवस कंबर भरून आली म्हणाले, घड उचलला असेन जड. मी रागावले, तुम्हाला कुणी सांगितलं उचलायला? मग डबा काढला, औषध कालवलं. बुडबुडा नाही, गुठळी नाही. डाव्या बाजूला दिलं, कारण गुरुपौर्णिमेला उजवी होती. सगळं जिथल्या तिथे. चहा घेऊन मी शहाद्याला परतले. डॉक्टरांना फोन करायचं माझ्या मनातही आलं नाही. इतके दिवस उलटल्यावर ते इंजेक्शन म्हणजे परत पहिल्यासारखंच होतं, परत उसळी मारणार होतं, आणि या खेपेला पुढे गोळ्यांचं कुंपण नव्हतं. परीक्षेत मी हे लिहिलं होतं म्हणून मघाशी सांगितलं ना? लिहिलं होतं. चांगले मार्कही पडले होते.

सहाव्या दिवशी मामींचा फोन आला. मामा ओट्यावरून उतरताना पडले होते. मी पोचले तेव्हा ते जमिनीवरच बसले होते, एका पायात चप्पल, दुसरी तीन हातांवर. माझ्याकडे बघून म्हणाले, "पायमा चप्पल शे का नही, समजस नही माले." मी त्यांच्या तळव्याला नख लावलं. त्यांना कळलं नाही. पोट हाताला दगडासारखं लागलं, सकाळपासून लघवी झाली नव्हती. नंदुरबारला लघवीची नळी घालून घेतली आणि गाडी तशीच सुरतेला काढली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, मागचं इंजेक्शन कधी?

"कोजागिरीला," मी म्हणाले.

"आणि त्याच्या आधीचं?"

"गुरुपौर्णिमेला."

डॉक्टरांनी फोनवर दोन्ही दिवस काढले. बोटाने मोजत गेले. मग एकदा परत मोजले. "एकशे सतरा दिवस," ते म्हणाले, "काका, हे नव्वद दिवसांचं औषध आहे." मामा कॉटवर पडल्या पडल्या म्हणाले, मध्ये धोंडा आला ना. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. त्यांना क्षणभर काही समजलंच नाही, आणि समजलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. प्रत्येकाच्या बाबतीत असं होत नाही, असं ते नंतर म्हणाले. काहींना महिनाभर उशीर निभावतो. काहींचं शरीर लगेच जागं होतं. यांच्या मणक्यातली गाठ फुगली, मज्जारज्जूवर दाब आला, आणि वरून या इंजेक्शनच्या उसळीने भर घातली. उशीर झाल्यावर एकदा विचारलं असतं तर आधी गोळ्या दिल्या असत्या. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दिनेशदादा बिल भरून वर आला तेव्हा मी मामांच्या पायाशी रडत होते. त्याने विचारलं, काय झालं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी माझा हात इतका घट्ट दाबला की बांगडी रुतली. "चूप बठ," ते म्हणाले. "एक शबद बोलानं नही." मी चूप बसले. मला वाटलं, रागावलेत. वाटणारच. पुढचे दोन दिवस ते माझ्याशी बोललेही नाहीत, दिनेशदादा खोलीत असला की मला चहा आणायला पाठवायचे. मी जिन्यात जाऊन रडायचे.

रेडिएशनचे शेक दिले, औषधं दिली. पाय थोडे परतले, पण उभं राहण्यापुरतेच. ओट्यावरून बागेकडे बघायचं, एवढाच त्यांचा फेरफटका उरला. दीड वर्ष ते कॉटवर होते. आठवड्यातून दोनदा मी जायचे, नळी साफ करायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायला मामींना शिकवलं. मामा मला एकदाही, अगदी एकदाही टोचून बोलले नाहीत. उलट नव्वदाव्या दिवशी मी दारात दिसले की म्हणायचे, आली का माझी डॉक्टरीण. मला ते शब्द सुईपेक्षा जास्त लागायचे. पुढे इंजेक्शनही पुरेना झालं, आणि गेल्या वर्षी ते गेले.

यंदा परत धोंडा आला, ज्येष्ठाचा. दवाखान्यात हे इंजेक्शन घेणारे तिघे आहेत, तिघेही तापीकाठच्या गावांचे. मी प्रत्येकाच्या घरच्यांना समोर बसवून दिवस मोजायला लावले. चुकून उशीर झालाच तर आपल्या मनाने देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन. अचानक बरं वाटायला लागलं तरी फोन. पाय जड वाटले, मुंग्या आल्या, लघवी अडली तर फोनही नको, सरळ गाडी. एक सासूबाई म्हणाल्या, अहो सिस्टर, अधिक महिना कोण धरतं? मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वॉर्डातून लोक आले.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. मामांच्या दिवसकार्यानंतर गंधमुक्तीला मी गेले होते. जेवणं आटोपत आली होती, भावकीतली माणसं मांडवात बसली होती. दिनेशदादा सगळ्यांसमोर माझ्याजवळ आला आणि त्याने हात जोडले. म्हणाला, "तू तर भादव्यातच इंजेक्शन घेऊन आली होतीस. धोंडा असला तरी घ्याच म्हणून भांडलीस. बाबांनी ऐकलं नाही, तुला परत पाठवलं. मला सुरतेलाच सांगितलं त्यांनी सगळं. म्हणाले, भाचीला कुणी बोल लावायचा नाही."

तो दाबलेला हात, ते दोन दिवसांचं गप्प राहणं, चहाला पाठवणं, सगळं एका क्षणात कळलं. मामा रागावले नव्हतेच. पाय गेलेला माणूस त्या खोलीत माझी नोकरी आणि माझं माहेर वाचवत बसला होता, आणि मी मध्ये रडून सगळं उघडं करीन म्हणून मला बाहेर काढत होता.

मी मामींकडे बघितलं. मामी भादवाभर घरात होत्या, त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या पानाच्या ताटातल्या सुपाऱ्या सारख्या करत होत्या. भावकीतल्या कुणीतरी विचारलं, खरं का वहिनी? मामींनी मान वर केली. "खरं शे," त्या म्हणाल्या. "मन्हासमोर उनी व्हती ती."

लोकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि मी ते बघू दिलं. आज इतक्या महिन्यांनी हे लिहितेय. भादव्यात मी त्या घरी गेले नव्हते.